खड्यांचा दरबार

एका राज्यात बंदराच्या तोंडाशी मंतरलेली साखळी होती. चाचे आले तेव्हा ती ओढली गेली, आणि राजाच्या मुखातून 'सोड' निघाल्यावाचून सुटणार नव्हती. तिच्यावरून होडी जात नसे, पाण्याची घागरही जात नसे.

त्या राजाला, प्रद्योताला, शाप होता. एका मांत्रिकाची फिर्याद ऐकता ऐकता तो झोपी गेला होता. मांत्रिक म्हणाला, "यापुढे खऱ्या शब्दाखेरीज काही तुझ्या कानी येणार नाही, पोकळ शब्दाचा खडा होऊन पडेल. जो तुला आपलं म्हणणं ऐकवील, तोच तुला सोडवील."

दरबारी रीत अशी, की आधी राजाची बिरुदे, मग आपल्या घराण्याची कीर्ती, मग मालाची स्तुती. मुद्दा येईपर्यंत गुडघाभर खडे साचत, आणि दरबार उठे. सेवक टोपल्यांनी उपसत.

साखळीपलीकडे एक गलबत अडकले. त्यावरचे पाणी संपत आले होते. कापडाची व्यापारीण शर्वाणी किनाऱ्यावर उभी राही, कडेवर तान्ही लेक. गलबतावरून नवरा विशाख हात हलवी. रोज थोडा कमी.

शर्वाणीने मोठे भाषण पाठ केले. तिची पाळलेली बोलकी साळुंकी हसली.

"छान. टोपल्या मागवून ठेव."

"मला बोलता येत नाही गं."

"येतं. घाबरलीस की जास्त बोलतेस. डोंगरावर जा, तिघांना भेट."

पहिला भेटला यक्ष. ती पायांकडे बघत बोलली, तोवर तो दगडच राहिला. मान वर केली, तेव्हा त्याने वाट दिली.

दुसरा होता पूल. त्याने विचारले, "काम काय?" ती सांगत गेली, तसा तो वाकत गेला. पाणी घोट्याला लागले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माझा नवरा तहानेला आहे." पूल सरळ झाला.

तिसरी राक्षसीण. "मला परत जाऊ द्याल?" शर्वाणीने विचारले. राक्षसीण गप्प. आपले काही चुकले का? पुन्हा समजावून सांगावे का? लेक रडू लागली. शर्वाणीने ओठ मिटून धरले.

"जा," राक्षसीण म्हणाली. "तुला थांबता येतं."

दरबारात प्रधान पुटपुटले, "आधी बिरुदे, बाई. रीत मोडू नका."

सवयीने तिच्या तोंडून निघाले, "राजाधिराज..." टप्पकन खडा पडला. तिने मान वर केली. राजा तिच्या ओठांकडे बघत होता, बुडता माणूस काठाकडे बघतो तसा.

"महाराज, साखळीपाशी गलबत आहे. त्यातली माणसं पाण्यावाचून मरतील. साखळी सोडा."

खडा पडला नाही.

प्रधान कुजबुजले, "अहो, मालाचं सांगा! काहीतरी बोला!" किती वाक्ये तिच्या जिभेवर आली! तिने ती सगळी गिळली.

राजा पुढे झुकला. "त्यात तुझं कोण आहे?"

"नवरा."

"सोड," राजा म्हणाला.

साखळी समुद्रतळाशी गेली. दरबारातले खडे विरले. राजाला आधी लाटा ऐकू आल्या, मग तान्हीचे रडणे, मग प्रधानांची बिरुदे. ती मात्र त्याने हात वर करून थांबवली.

गलबत धक्क्याला लागले. विशाखचे ओठ फुटलेले, तरी त्याला सगळे एकदम सांगायचे होते.

"आधी पाणी," शर्वाणी म्हणाली, आणि ओंजळ त्याच्या तोंडाशी धरली.

त्या राज्यात मग फिर्याद ऐकली जाऊ लागली. ज्याला सांगायचे आहे, त्याला असा ऐकणारा लाभो.