भिंतीपलीकडचे दुधी

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा सूर्य मावळला की सरळ रात्र व्हायची आणि कुणाची त्याला हरकत नसायची.

एका गावात एक तरुण आई राहत होती. शिकलेली, हुशार आणि म्हणूनच की काय, भारी संशयी. तिचं बाळ पोटाचं नाजूक. मऊ भात आणि शिजवलेला दुधी, एवढंच त्याला पचायचं. म्हणून तिनं परसात दुधीचा वेल लावला होता.

वेल मांडवावर चढला. संध्याकाळी पांढरी फुलं उमलू लागली. फुलांखाली बोटभर दुधी दिसू लागले आणि एके सकाळी त्यांतला एक नाहीसा झाला.

"आक्कानंच नेला," ती नवऱ्याला म्हणाली. आक्का म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण.

"बोटभर दुधीचं आक्का काय करेल, लोणचं? गळला असेल."

"तुम्हाला सगळे साधेच दिसतात!"

त्याच संध्याकाळी तिनं मांडवाखाली मोठे दिवे लावले. त्यांच्यामागे घासूनपुसून पितळी ताटं उभी केली. मुंगीचीही सावली पडावी असा लखलखाट झाला.

"बरं केलंस," नवरा म्हणाला. "चोराला ठेच नको लागायला."

दिवे रात्रभर जळत. सकाळी दिव्यांखाली मेलेल्या पतंग-पाकोळ्यांचा खच पडलेला असे. ती तो कुरकुरत झाडून टाकी. पण कोवळे दुधी आता एकामागून एक पिवळे पडू लागले, सुकून गळू लागले.

"बघा, आता तोडत नाही. नजर लावते!" आणि तिनं आणखी दिवे लावले.

खिडकीतून उजेड घरात येई. बाळ डोळे चोळत रात्रभर किरकिरे. तेही तिनं आक्काच्याच नावावर टाकलं. कधी मनात यायचं, आपण तर आक्काला एकदाही काही करताना पाहिलेलं नाही. मग वाटायचं, म्हणजे बाई किती बेरकी असेल!

"अगं, जरा ऐकतेस का?" आक्का दारात येऊन हाका मारी. ही दार लावून घेई.

होता होता मांडव रिकामा झाला. बाळ नुसत्या भातावर वाळू लागलं. एके दिवशी उखळावर चढून तिनं भिंतीपलीकडे डोकावलं. आक्काच्या परसात हातहातभर दुधी लोंबत होते!

ती तरातरा गेली. "सापडलात ना आक्का? लेकराच्या तोंडचा घास चोरलात!"

"आलीस एकदाची," आक्का म्हणाली. "तुझाच वेल आहे तो, बाई. भिंतीवरून इकडे उतरलाय. तेच सांगायला रोज येत होते. तुला विचारल्याशिवाय हात कसा लावू?"

तिनं वेल चाचपत नेला. तो भिंत ओलांडून थेट तिच्याच मांडवाला जात होता. दुधी तर एकही तोडलेला नव्हता. ती खाली मान घालून म्हणाली, "पण इकडेच फळ कसं धरलं? मी तिकडे एवढा पहारा ठेवला."

"मला काय ठाऊक? मी आपली दिवेलागणीला जेवून निजते. बैस, तूच बघ."

दोघी भिंतीच्या सावलीत बसल्या. अंधार दाटला, तशी फुलं उमलली. मग कुठूनशा करड्या पाकोळ्या आल्या आणि अंगाला पराग माखून या फुलातून त्या फुलात शिरू लागल्या. ती एका दगडावर चढून डोकावली. भिंतीपलीकडे नवऱ्यानं दिवे लावले होते. तिथं तशाच पाकोळ्या फुलांकडे न फिरकता ज्योतींभोवती गरगरत होत्या.

तिला सकाळचा केर आठवला. 'ज्यांना मी झाडून टाकत होते, त्याच माझा वेल फळवणार होत्या.'

घरी येऊन तिनं सगळे दिवे विझवले. समोरची बाई लगेच ओरडली, "का गं, आज अंधार? काय लपवतेस एवढं?"

हिला कशाला हव्यात चौकशा, असं तिच्या मनात आलंच. तेवढ्यात कडेवरच्या बाळानं जांभई दिली.

"काही नाही हो," ती म्हणाली. "रात्रीला तिचं काम करू देतेय."

त्या रात्री बाळ पहाटेपर्यंत गाढ झोपलं. पुढे तिच्या मांडवावरही दुधी धरले. त्यातला पहिला ती आक्काला देऊन आली.

तात्पर्य : संशयानं लावलेल्या दिव्यात चोर सापडत नाही; अंधारात आपल्यासाठी जे राबत असतं, ते मात्र बंद पडतं.