चाळिसावी खुंटी

एका गावाला नदी होती, पण पाणी नव्हते. नदी खालून वाहायची आणि शेते वर राहायची. पाऊस बरा झाला तर ज्वारी पिकायची, नाही झाला तर कण्यासुद्धा मिळायच्या नाहीत. वैशाखात बहुतेक घरांतली चूल दिवसातून एकदाच पेटायची. त्या गावाचे नाव धामणखेडे.

लागोपाठ दोन वर्षे पीक बुडाले, तेव्हा गाव पारावर जमले. दोन कोस वर नदीला बांध घालायचा आणि डोंगराच्या कडेकडेने पाट खणून पाणी शेतांवर आणायचे, असे ठरले. लगेच वाद सुरू झाला, की पाणी कोणाला किती. पाटील थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "शेतं मोजू नका, तोंडं मोजा. पाट खणूनही एक तोंड उपाशी राहणार असेल, तर खणायचा कशाला?" यावर वाद थांबला आणि प्रत्येक घराने एक माणूस कामाला द्यायचे कबूल केले.

पाट कुठून न्यायचा, हे ठरवायचे काम रायभान गवंड्याकडे आले. त्याच्याकडे पाणसळ होती. पाणसळ म्हणजे हातभर लांबीची लाकडी पन्हळ. तिच्यात पाणी भरले की जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते ते कळते. ते वाचणे गावात त्याच्याशिवाय कोणाला जमत नव्हते. रायभान माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाईट माणसाची गोष्ट सांगायला फार सोपी असते.

आता गावाची एक रीत सांगायला हवी. घर असो, विहीर असो की शेताचा बांध, आखणीची खुंटी ठोकली की धामणखेड्यात तिला शेंदूर लावायचे. शेंदूर लागला की खुंटी देव झाली. मग तिला कोणी हलवायचे नाही आणि तिच्याबद्दल शंकाही घ्यायची नाही. भावाभावांत बांधावरून डोकी फुटू नयेत म्हणून ही रीत पडली असणार. पण देवाला कोणी माप लावत नाही, हे रीत पाडणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते.

रायभान बांधाच्या जागेपासून खुंट्या ठोकत निघाला. पन्नास पावलांवर एक खुंटी, आणि प्रत्येक खुंटी मागचीपेक्षा बोटभर खाली. एवढा उतार असला तरच पाणी लांबवर चालते. उतार कमी पडला तर ते रेंगाळते, गाळ टाकते आणि वाटेतच मुरून जाते. हे रायभानला पुरते ठाऊक होते.

चाळिसाव्या खुंटीला तो थांबला. समोर त्याचे स्वतःचे शेत होते आणि ते पाटाच्या रेषेपेक्षा हातभर उंच होते. पाणी काही वर चढत नाही. म्हणजे पाट शेताला लागून जाणार, सगळ्या गावाला पाणी पाजणार आणि रायभानचे शेत कोरडेच राहणार.

तो बोरीच्या सावलीत बराच वेळ बसून राहिला. मागच्या खुंट्या थोड्या थोड्या वर घेतल्या तर? मग रेषा इथे शेताएवढी उंच येईल, फक्त इथपर्यंतचा उतार निम्मा होईल. पाणी जरा हळू चालेल, एवढेच. पुढे रेषा पुन्हा खाली आणता येईल. अगदी शेवटची बारा शेते फार लांब आहेत खरी, पण तिथवरही पाणी पोचेल बहुतेक. माणसाला चुकीचे काही करायचे असले, की 'बहुतेक' हा शब्द फार उपयोगी पडतो.

तो उठला आणि त्याने खुंट्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी गाव वाजतगाजत आले आणि त्यांनी खुंट्यांना शेंदूर लावला.

पाट खणायला वर्ष लागले. सगळ्यात जास्त राबली ती शेवटच्या बारा शेतांची माणसे. त्यांची जमीन सर्वांत लांब, त्यामुळे त्यांची आशाही मोठी. त्यांत कोंडाई नावाची म्हातारी होती. मुलगा गेलेला, घरात सून आणि दोन नातवंडे. तिने वर्षभर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या.

पाणी सोडले त्या दिवशी बायकांनी पाटाची ओटी भरली. वरच्या शेतांत पाणी खळखळत गेले. मधल्या शेतांतही गेले. रायभानच्या शेतात तर पहिल्यांदाच गहू उभा राहिला. शेवटच्या बारा शेतांपर्यंत मात्र बोटाएवढी धार आली, आणि महिनाभरात तीही आटली.

बारा घरांची माणसे रायभानकडे आली. कोंडाईने विचारले, "बाबा, आमच्याकडंच पानी का येईना?"

रायभानने खाली पाहिले. "तिकडची माती जास्त पाणी पिते," तो म्हणाला.

लोकांना ते पटले. ज्याने पाट आखला तो खोटे कशाला सांगेल? वरचे शेतकरी तर म्हणू लागले, की पाट देवाने धरून ठेवलाय, खोट असेल तर त्या बारा घरांतच असेल. कुंपणाने शेत खाल्ले आणि बोल शेतालाच लागला. बारा घरांनी उपास केले, नवस केले. दुसऱ्या वर्षीही पाणी आले नाही. तेव्हा चार घरांनी दारांना कड्या घातल्या आणि ती माणसे पोट भरायला परमुलखात निघून गेली. कोंडाईची सून नातवंडांना घेऊन माहेरी गेली. कोंडाई घरात एकटी उरली.

एका सकाळी रायभान शेतात गव्हाला पाणी देत होता. पाटाच्या कडेने कोंडाई येताना दिसली. दोन कोस चालून ती थकली होती. चाळिसाव्या खुंटीपाशी ती थांबली, पदर डोक्यावर घेतला आणि खुंटीपुढे वाकली. मग कमरेची पुरचुंडी सोडून तिने खुंटीपुढे ज्वारीची रास केली.

रायभानने ज्वारी पाहिली. टपोरी, निवडलेली, राख लावून जपलेली ज्वारी होती ती.

"कोंडाई, हे तर बियाणं आहे!"

"व्हय बाबा. शेवटचं."

"मग शेतात काय पेरशील?"

"पानीच न्हाई तर पेरून काय करू? खाल्लं असतं, पर बी खायाला जीव धजंना. म्हनलं, तुझ्या हातची, तुझ्या शेताला पावलेली खुंटी हाय, हिला वाहावं. हिच्या मनात आलं तर पानी खाली येईल."

एवढे बोलून ती पुन्हा खुंटीपुढे वाकली. ज्या खुंटीने तिचे पाणी अडवले, तिच्याच पाया ती पडत होती. रायभानने हातातले फावडे टाकले, पुढे झाला आणि दोन्ही हातांनी खुंटी उपटली.

"अरे, देव उपाटला!" कोंडाई ओरडली. आजूबाजूच्या शेतांतून माणसे धावत आली. कोणी त्याचा हात धरला, कोणी मारायला काठी उगारली. पाटीलही आले.

रायभान खुंटी हातात घेऊन उभा होता. "हा देव नाही," तो म्हणाला. "ही माझी हाव आहे. माझ्या शेतासाठी मी चाळीस खुंट्या वर घेतल्या. बारा घरांचं पाणी इथंच मेलं. माती जास्त पिते म्हणालो, तेही खोटं."

उगारलेली काठी खाली आली. मग पाटील म्हणाले, "रायभान, आपण तोंडं मोजली होती. त्यात तुझ्या घरचीही होती. शेत कोरडं राहतंय एवढं सांगितलं असतंस, तर गावानं तुला धान्याचा वाटा दिला असता."

"ठाऊक होतं," रायभान म्हणाला. "मला वाटा नको होता. मला माझ्या बांधात पाणी हवं होतं."

लोक खवळले. याला गावाबाहेर काढा, असे चारी बाजूंनी आवाज उठले. तेवढ्यात कोंडाई पुढे आली. दोन वर्षांची भूक तिच्या तोंडावर होती, आणि रागही होता. तिने एकच विचारले, "पानी खाली यायला किती खनावं लागंल?"

"बांधापासून इथवर. इथं हातभर."

"मंग खन," कोंडाई म्हणाली. "ह्याला हाकलल्यावर पानसळ कोन वाचनार?"

रायभान त्याच दिवशी कामाला लागला. पहिले आठ दिवस तो एकटाच खणत होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हते. नवव्या दिवशी पाटील कुदळ घेऊन आले आणि त्यांच्यामागून गाव आले. या वेळी खुंट्यांना शेंदूर लावला नाही. प्रत्येक खुंटीपाशी रायभानने पाणसळ ठेवली आणि शेवटच्या बारा शेतांतल्या एकेकाला ती वाचायला शिकवली. त्यांनी मान हलवल्यावरच पुढची खुंटी ठोकली गेली.

पाट पुरा झाला. पाणी आधी शेवटच्या शेतात सोडले आणि मग खालून वर एकेका शेताला पाळी दिली. धामणखेड्यात आजही पाण्याची पाळी शेपटाकडूनच सुरू होते. रायभानच्या शेतापाशी पाणी हातभर खालून वाहत गेले आणि त्याचा गहू उभ्याउभ्या वाळला.

खळी झाली तेव्हा कोंडाई सूपभर ज्वारी घेऊन रायभानच्या दारात आली. त्याला वर बघवेना.

"माझ्यासाठी?"

"तोंडं मोजलीत न्हवं? तुझंबी त्यात हाय. घे."

त्याने सूप घेतले आणि तो दारातच रडला. कोंडाईची सून नातवंडांना घेऊन परत आली होती. परमुलखात गेलेली चार घरे मात्र आली नाहीत. गावाने दोनदा निरोप धाडले, पण ती माणसे कुठे आहेत ते कोणालाच सांगता आले नाही. त्यांच्या शेतांत आता पाणी येते. रायभान ती शेते दर वर्षी नांगरून पेरतो, पीक गावाच्या कोठारात घालतो आणि घरी जाताना त्या चार बंद दारांवरून मान खाली घालून जातो.

तात्पर्य: सगळ्यांच्या अन्नाची आखणी ज्याच्या हाती असते, त्याने स्वतःच्या बांधाकडे नव्हे, शेवटच्या शेताकडे पाहून रेषा ओढावी, आणि आखणारा कितीही भला असला, तरी गावाने त्याच्या खुंटीला शेंदूर लावू नये, माप लावावे. चूक कबूल केली तर पाणी परत येते, पण तोवर उपाशी निघून गेलेली माणसे परत येतीलच असे नाही.