कोरं कपाळ

गढीचे धनी हैबतराव पहाटे अंथरुणात निपचित सापडले. ओठ काळेनिळे पडले होते. सगुणाबाईंनी हुंदका गिळला, दाराला कडी घातली आणि शेजारच्या गावी धाकट्या दिरांना एवढाच निरोप धाडला : "यांना बरं नाही, लगेच या."

तुळोजीराव आले. बाईंनी दार उघडलं. प्रेत दिसताच तुळोजीरावांनी टाहो फोडला आणि दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडे बोट दाखवलं. "यानंच विष घातलं! सुळावर द्या याला!"

बाईंनी विचारलं, "भावोजी, आज स्नान झालं?"

"झालं. त्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही."

"आणि गंधाशिवाय?"

तुळोजीरावांचा हात कपाळाकडे गेला. कपाळ कोरं होतं.

"सुतकात गंध लावत नाहीत, खरं आहे. पण मी निरोप आजारपणाचा धाडला होता. मग हे गेल्याचं तुम्हाला घरीच कोणी सांगितलं?"

तुळोजीराव दाराकडे सरकले.

बाईंचे डोळे आता कुठे भरून आले. "काल संध्याकाळी तुम्हीच यांना विडा देऊन गेलात. भावाला मारताना तुमचा हात कचरला नाही, भावोजी. त्याचं सुतक मोडताना मात्र कचरला."