गड हवा त्याने बोलावं

माळशेंडीच्या धैर्यशील महाराजांना लढाईची भारी हौस. खऱ्या लढाईच्या वेळी त्यांना नेमकं पडसं व्हायचं, ते सोडा. पण चौथऱ्यावर मातीचे डोंगर मांडून, फासे टाकून, मातीचे शिपाई पुढे सरकवायच्या लढाईत त्यांच्याइतका शूर कुणी नव्हता. दर दिवाळीला आसपासचे सरदार हे सामने खेळायला यायचे आणि हरले की एकच रडगाणं गायचे, "मैदानच वाकडं होतं."

यंदा महाराजांचं डोकं फिरलं. मैदान मांडणाऱ्या भिवा कुंभाराला त्यांनी दरबारात उभं केलं.

"गेल्या साली आमच्या बाजूला गड मांडलास, तर पाहुणे फुगून बसले. त्याआधी दोन्हीकडे सारखे गड मांडलेस, तर जांभया देत बसले. या वेळी दोन्ही बाजू सारख्या दिसता कामा नयेत, आणि हरणाऱ्याला तक्रारीला जागाही राहता कामा नये. मैदानाबद्दल त्याने एक वाकडा शब्द काढला, की तुझी भट्टी मोडायची आणि तू राज्याबाहेर!"

"वा महाराज, किती सोपं काम," प्रधानजी म्हणाले. त्यांना काय, मान डोलवायचाच पगार होता.

भिवा घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची लेक सगुणा माती मळत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, मैदान मी मांडते. तुम्ही आधी जेवून घ्या."

शेवटच्या सामन्याला महाराजांसमोर सरदार हैबतराव बसले. सगुणाने चौथऱ्यावरचं कापड काढलं. एका टोकाला बुरुजांचा उंच गड आणि दुसऱ्या टोकाला नुसता माळ. आडोशाला म्हणाल तर एक वाळकं खोड. भिवाने डोळेच मिटून घेतले.

"पोरी, याला तू सरळ मैदान म्हणतेस?" महाराज कडाडले.

"अजून कुठं झालंय सरळ? ते तुम्ही दोघांनी करायचंय. आमच्या कुंभारआळीत पोरं मातीचे किल्ले करतात, तेव्हा उंच जागा कुणाची यावरून डोकी फुटायची वेळ येते. मग ती बोली लावतात. दोघांकडे चाळीस-चाळीस शिपाई. सगळ्यात कमी शिपायांत गड राखीन असं जो म्हणेल, त्याला गड. दुसऱ्याने सगळे चाळीस घेऊन माळावर उभं राहायचं."

"एवढंच ना? तीस," हैबतराव म्हणाले.

"पंचवीस," महाराज म्हणाले.

"वीस."

"पंधरा."

"बारा," हैबतराव मिशीला पीळ देत म्हणाले.

महाराजांना चेव चढला. कानाशी प्रधानजींचं "वा, वा" चालूच होतं. "सात!" महाराज ओरडले.

हैबतरावांनी तत्काळ हात जोडले. "गड आपला, महाराज."

गडाला दरवाजे चार, बुरुज सहा आणि शिपाई सात. एकाला इकडे पळव, दुसऱ्याला तिकडे, असं करता करता महाराजांना घाम फुटला. हैबतरावांचे चाळीस जण मात्र पाहुण्यासारखे आरामात आत शिरले. फराळाची ताटं यायच्या आत गड पडला.

महाराज लालबुंद होऊन उठले. "हे मैदान..."

पुढचा एक शब्द निघाला की भट्टीही गेली आणि गावही गेलं. सगुणा पुढे झाली.

"बोला ना महाराज. फक्त 'सात' कोण म्हणालं होतं, तेवढं आधी सांगा. मी मागे उभी होते, मला काही नीटसं ऐकू आलं नाही."

महाराजांनी हैबतरावांकडे पाहिलं, तर ते करंजी खात होते. प्रधानजींकडे पाहिलं, तर ते छत न्याहाळत होते. मग महाराजांची ढेरी हलायला लागली, आणि ते असे हसले की गडावरचे उरलेसुरले शिपाईही आडवे झाले.

"मैदानाबद्दल आमची काही तक्रार नाही! तक्रार आहे ती प्रधानजींबद्दल. आम्ही बोलत सुटलो तेव्हा तुम्ही आमचं तोंड का नाही धरलंत?"

भट्टीची जागा त्याच दिवशी भिवाच्या नावे झाली. महाराजांनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं आणि पुढच्या दिवाळीचं मैदानही तिनेच मांडायचं, असा हुकूमच सोडला.