बाबालाल मणेराची एकच घाई

बसा असे घाटावर. सायकली टेकवा त्या भिंतीला. वडघाटपासून शिंगणोलीपर्यंत नऊ कोस नदीकाठानं मजेत जायचं म्हणता? जा की. वाटेत देवळं आहेत, वीरगळ आहेत, पडकी गढी आहे, फोटो काढा हवे तेवढे. पण या वाटेवर पहिली सायकल कुणाची फिरली ते ऐकल्याशिवाय निघालात, तर नुसतेच पाय दुखवून घ्याल.

फार वर्षं झाली त्याला. नदीवर पूल नव्हता, एस.टी.चं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा या वडघाटात बाबालाल मणेर राहायचा. धंदा बांगड्या भरायचा. सायकलच्या मागच्या कॅरेजवर लाकडी पेटी, पेटीत गवत आणि गवतात काचेच्या बांगड्या. आता काच घेऊन पळणार कोण? बाबालाल सायकल अशी चालवायचा की शेजारून म्हैस पुढं निघून जायची. नऊ कोसांना त्याला तीन दिवस लागायचे. प्रत्येक गावात पाणी प्यायचा, गढीच्या सावलीला बसायचा, वीरगळावरच्या लढायांच्या गोष्टी पोरीबाळींना सांगायचा. एखादं काम रेंगाळलं की लोक म्हणायचे, "काय रे, मणेराच्या सायकलवर बसवलंस का?"

पण बायका त्याची वाट बघायच्या हो! घरच्या बाईचा हात धरू शकेल असा परका पुरुष एकच, तो म्हणजे बांगड्या भरणारा. हात हातात घेतला की तो हळूच माहेरचं सांगायचा. आई बरी आहे, गाय व्याली, भावाचं लगीन ठरलं. वरच्या गावच्या लेकी खालच्या गावांत दिलेल्या, म्हणून साऱ्या सुना त्याला मामा म्हणायच्या. आणि बांगड्या भरून झाल्या की बाई वाकून नमस्कार करायची, मामा म्हणायचा, "चुडा अखंड राहू दे," मगच ती उठायची. आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठायचं नाही, अशी रीतच होती.

चाळीस वर्षं अशी गेली आणि बाबालाल थकला. साधासुधा नाही, पार हाडापर्यंत थकला. गुडघे कुरकुरायचे, चढ आला की छातीत धाप मावायची नाही. एका पौषात तो बायकोला म्हणाला, "संक्रांतीची ही फेरी झाली की सायकल विकतो. आता नाही होत गं." ती म्हणाली, "हे पाच वर्षं ऐकतेय मी."

भोगीच्या दिवशी सकाळी तो पेटी भरत होता, तेवढ्यात वडघाटच्या सोनाक्काचा निरोप आला. सोनाक्का म्हणजे एकट्या जिवाची म्हातारी. महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तिची एकुलती लेक हौसा शिंगणोलीत दिलेली, पण लग्नात हौसाच्या सासूच्या भावाला मानाचा फेटा बांधायचा राहिला. झालं! एवढ्यावरून सासूनं, बायजाक्कानं, सुनेला चार वर्षं माहेर दाखवलं नव्हतं. वडघाटचा माणूस दारात दिसला की ती कुत्रं सोडायची.

बाबालाल सोनाक्काच्या उशाशी जाऊन बसला. म्हातारीनं डोळे उघडले.

"मामा, हौसाला एकदा दावा. उद्याचा दिस काय मी बगत न्हाई."

तो बाहेर आला आणि सायकलीकडं बघत उभा राहिला. नऊ कोस जायचं, नऊ कोस यायचं, आणि हातात एकच दिवस. पेटी घरी ठेवावी तर सायकल हलकी होईल. पण पेटीशिवाय बायजाक्का दारात उभं करणार नाही. पेटी घ्यावी आणि पळवावी, तर शिंगणोलीत पोचेपर्यंत काचेचा चुरा. चुरा घेऊन आलेल्या मणेराला सणाच्या तोंडावर कोणती बाई उंबरा ओलांडू देईल? त्याला रडूच आलं. सरळ परत जाऊन गोधडीत शिरावं असं त्याला वाटलं. मग त्यानं पेटी बांधली, टांग टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा सायकल पळवली.

असं म्हणतात, की वाटेतले धोंडे आपोआप बाजूला सरले. ओढा आला, तेव्हा पाणी दोन्हीकडं थबकलं. गढीच्या चढाला त्याचे पाय थांबले, पण चाकं थांबली नाहीत. गावोगावच्या बायका "मामा, मामा" करत धावत आल्या, तोवर नुसती धूळ! खरंखोटं ही समोरची कृष्णामाई जाणे. त्याला स्वतःला मात्र यातलं काही दिसलं नाही. त्याला दिसत होतं पुढचं चाक, आणि ऐकू येत होता आपलाच घरघरणारा श्वास.

सूर्य डोक्यावर येतो न येतो तोच तो शिंगणोलीत बायजाक्काच्या ओसरीवर बसलेला होता. पेटी उघडायला त्याचा हात धजेना. बायजाक्कानंच झाकण उचललं. एकसुद्धा बांगडी तडकलेली नव्हती.

सासू आधी बसली, तो तिचा मान. सून दाराआड उभी. बाबालालनं बायजाक्काचे हात भरले, हिरव्यागार बांगड्या, मापाला चोख. ती वाकली. आणि बाबालाल गप्प राहिला.

ती वाकलेलीच. ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मामा, आशीर्वाद द्या की. कंबर मोडली माजी."

"बायजाक्का, आधी हौसाला माहेरी धाडा. तिची आई चाललीय."

चाळीस वर्षांत त्यानं आशीर्वाद कधी अडवला नव्हता. आपण हे काय करतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. पण शब्द तोंडातून गेला होता. वाटलं, आता बाई कडाडणार. ती कडाडली नाही. वाकल्या वाकल्या जमिनीकडं बघत बोलली.

"माजी आई चालली तवा मला कुनी धाडलं हुतं? बत्तीस वरसं झाली. निरोप तुमीच आनला, मामा. तिसऱ्या दिशी. माजा सासरा म्हनला, जा की, कोन नको म्हनतंय. मी गेले, तवर राख सावडून नदीत सोडली हुती."

बाबालालच्या काही ध्यानातच नव्हतं. एवढ्या निरोपांतला एक निरोप. त्या खेपेला तो गढीच्या सावलीला किती बसला असेल, किती गोष्टी सांगितल्या असतील, कुणास ठाऊक. कुणी त्याला बोल लावला नव्हता. या बाईनंही दरवर्षी त्याच्यापुढं हात धरला होता आणि चकार शब्द काढला नव्हता. सकाळपासूनचा सगळा शीण त्याला आत्ता एकदम लागला.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, पोरी," तो म्हणाला. "चुडा अखंड राहू दे. ऊठ. धाड नाहीतर नको धाडूस, तू ऊठ."

बायजाक्का उठली. पदरानं तोंड पुसलं आणि आत बघून ओरडली, "हौसा, अगं उभी काय ऱ्हायलीस खुळ्यावानी? चप्पल घाल!"

पेटी तिथंच ओसरीवर ठेवून बाबालालनं हौसाला मागं बसवलं. परतीची वाट सगळी चढाची. म्हणतात की वारा पाठीमागून लोटत होता, आणि देवळादेवळातल्या घंटा कुणी हात न लावता वाजत होत्या. दिवेलागणीला हौसा आईच्या उशाशी पोचली. सोनाक्कानं लेकीच्या हातून चमचाभर पाणी घेतलं, संक्रांतीची सकाळ बघितली, तिळाचा दाणा जिभेवर ठेवला आणि मग गेली.

आणि बाबालाल? तो इथंच, या घाटावर पाय धुवायला उतरला. पाय पाण्यात सोडून पायरीवर कलंडला आणि झोपी गेला. बायको उठवायला आली, तर उठला नाही. दमला होता हो माणूस.

तेव्हापासून या नऊ कोसांत एक रीत पडली, ती अजून आहे. संक्रांतीला बांगड्या भरून बाई वाकली, की भरणारा आधी विचारतो, "माहेरी कधी जायचं?" सुनेसाठी दिवस सासूनं सांगायचा, तोही चार बायकांच्या देखत. एकदा सांगितला की मागं घ्यायचा नाही. मगच आशीर्वाद.

ही रीत पाडली बायजाक्कानं. पुढं ती नव्वदीपर्यंत जगली. तिच्या माहेरी तोवर कुणीसुद्धा उरलं नव्हतं, घराचं जोतंही नदीनं नेलं होतं. तरी दरवर्षी ती वाकायची, नवा मणेर विचारायचा, "आजी, माहेरी कधी जायचं?" आणि म्हातारी बोटांवर मोजून दिवस सांगायची.