चौथा रकाना

एकदा एका धर्मादाय रुग्णालयात तीन यंत्रांचे स्वयंवर मांडले गेले. वधू म्हणजे रुग्णालयाचे नवे डेटा सेंटर आणि वर म्हणजे तीन कंपन्यांचे तीन रॅक सर्व्हर. लोखंडी मांडणीत थाळ्यांसारखे एकावर एक बसणारे, चपटे, लांबट संगणक. रुग्णालयाची पायरी चढलेल्या प्रत्येक माणसाची नोंद त्यांच्या पोटात राहणार होती. माळ कोणाच्या गळ्यात घालायची हे ठरवायला तुलनात्मक तक्ता हवा होता. तो करण्याचे काम प्रांजली गोतमारे या तरुण अभियंतीकडे आले. ती कंत्राटावर होती आणि ते कंत्राट त्याच महिन्याच्या अखेरीस संपत होते. ज्या कागदावर पुढे प्रश्न निघू शकतात, त्यावर सही करायला कायमचा माणूस कधी सापडत नाही.

प्रश्न निघण्यासारखे घडलेही होते. तीन महिन्यांपूर्वी जुना सर्व्हर बंद पडला आणि दोन दिवस रुग्णालयातल्या संगणकांचा एकही पडदा उजळला नाही. त्याच दोन दिवसांत दादाराव वाघाडे नावाचे एसटी डेपोतले मेकॅनिक बेशुद्धावस्थेत दाखल झाले. त्यांना एक विशिष्ट औषध चालत नाही, ही नोंद रुग्णालयापाशी चार वर्षांपासून होती. पण पडदा कोरा होता, बायको खाली केसपेपरच्या रांगेत उभी होती आणि डॉक्टरांनी नेमके तेच औषध टोचले. दादाराव त्यातच गेले. पुढे चौकशी झाली. समितीने दोन बैठका घेतल्या, चहा घेतला आणि निष्कर्ष काढला की यंत्र निकृष्ट होते. रुग्णालयात चारशे माणसे कामाला आहेत. त्यांतल्या एकाचेही काही चुकले नव्हते.

म्हणून तक्त्याची पहिली ओळ प्रशासक देवतळे यांनी प्रांजलीला स्वतः सांगून लिहायला लावली: 'जुने यंत्र निकृष्ट प्रतीचे असल्यामुळे ते निकामी झाले, सबब नवीन यंत्र घेणे आवश्यक आहे.' खाली सही तिची. त्या ओळीपाशी तिचा हात दर वेळी थोडा अडे. का, ते तिला सांगता आले नसते. मग ती स्वतःला समजावी की आपले काम तीन नव्या यंत्रांचे आहे, मेलेल्याचे नाही. तिने तीन आठवडे खपून तक्ता पुरा केला. तीन रकाने, चाळीस ओळी, शंभर गुण.

तक्ता घेऊन ती वामनराव टेंभेकरांकडे गेली. रुग्णालयाचे यंत्रदालन वामनरावांनी सव्वीस वर्षे सांभाळले होते आणि वर्षापूर्वी ते निवृत्त झाले होते. प्रांजली जे काही शिकली ते त्यांच्या हाताखाली. चाळीसही ओळी त्यांनी बोट फिरवत वाचल्या.

"नेटका केलायस," ते म्हणाले. "एक रकाना कमी आहे."

"कोणता, सर?"

"परवा प्रात्यक्षिक आहे ना? मी येतो. तळघरातून आपलं जुनं यंत्र वर आणवून ठेव."

"ते भंगारात काढलंय, सर."

"माणसाला जाळतात तरी. ते तिथंच असणार."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृहातल्या लांब टेबलावर तीन झगझगीत यंत्रे मांडली होती. दोन शिपायांनी चौथे आणून त्यांच्या शेजारी ठेवले, तेव्हा त्याच्यावर बोटभर धूळ होती आणि एका कोपऱ्याला कोळ्याने घर केले होते. विक्रेत्यांपैकी एक तरुण प्रतिनिधी हसला.

"काका, हे संग्रहालयात द्या. पोरं तिकीट काढून बघतील."

"देऊ की," वामनराव म्हणाले. "शेजारी तुमचंही ठेवू. सहा वर्षं थांबा फक्त."

देवतळे हसले नाहीत. "टेंभेकर, तुम्ही इथं पाहुणे आहात. मयताला वरातीत कशाला आणलंत?"

"साहेब, तक्ता या मुलीचा आहे. मी तिला एकच विनंती करतोय." मग ते प्रांजलीकडे वळले. "चौथा रकाना आख. हे यंत्र आज नवं कोरं आलंय असं समज आणि गुण दे. याची सहा वर्षांपूर्वीची खरेदीची फाइल मी आणलीये."

गुरूचे डोके फिरले की काय, असे क्षणभर प्रांजलीलाही वाटले. पण सवयीने तिने पेन उचलले. विजेचे दोन स्वतंत्र पुरवठे आहेत का? आहेत. चालू स्थितीत डिस्क बदलता येते का? येते. एक डिस्क गेली तर तिची जागा घ्यायला राखीव डिस्क आहे का? आहे. बिघाडाची सूचना यंत्र स्वतःहून पाठवते का? पाठवते. वेगाच्या ओळीत म्हातारे मागे पडले, पण बाकी ठिकाणी त्याने तरुणांना हात टेकायला लावले. तिने बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. नव्यांना एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी आणि एकोणऐंशी गुण होते. जुन्याला अठ्ठ्याऐंशी.

"पहिलं आलं," ती हळूच म्हणाली.

"तुमचा तक्ताच चुकलाय, मॅडम," देवतळे म्हणाले.

"तक्ता बरोबर आहे," वामनराव म्हणाले. "आता त्याला वीज दे, प्रांजली. डिस्का मेल्या असतील, पण याच्यात एक रोजनिशी असते, ती वेगळी लिहिली जाते. ती वाच. मोठ्यानं."

तिने तार जोडली. पंखे खोकल्यासारखे घरघरले आणि पडद्यावर ओळी उमटल्या. ती वाचू लागली. बंद पडण्याच्या एकेचाळीस दिवस आधी पहिली डिस्क गेली, राखीव डिस्कने तिची जागा घेतली, सूचना पाठवली. सतरा दिवस आधी दुसरी डिस्क गेली. आता राखीव काही उरले नाही, अशी सूचना पाठवली. मग रोज सकाळी एक, मग दर सहा तासांना एक. तिसरी डिस्क गेली त्या दिवशी पहाटेपासून अकरा सूचना, आणि त्यानंतर काही नाही.

"कोणाला पाठवल्या?" वामनरावांनी विचारले.

प्रांजलीने मेलचा पत्ता वाचला. "तुम्हाला, सर."

त्या मेलवर या एकेचाळीस दिवसांत कोणी काही वाचले असणे शक्य नव्हते. वामनराव ज्या दिवशी निवृत्त झाले, त्याच संध्याकाळी रुग्णालयाने तो पत्ता नियमाप्रमाणे बंद केला होता. त्यांची जागा मात्र वर्षभर भरली नव्हती. 'यंत्रं आता स्वतःच स्वतःकडे बघतात,' असा शेरा त्या फाइलवर होता, आणि सही देवतळ्यांची.

"डिस्क बदलायला किती वेळ लागतो?" वामनरावांनी विचारले.

"पाच मिनिटं. यंत्र बंदही करावं लागत नाही."

"आणि डिस्क?"

"दोन नव्या आहेत, सर. कपाटात. सील फोडलेलं नाही."

वामनराव खुर्चीवर बसले. रागावलेल्या माणसाच्या बोलण्याला असते तशी धार त्यांच्या बोलण्याला नव्हती. ते थकल्यासारखे बोलले. "पोरी, असा तक्ता सहा वर्षांपूर्वी मीही केला होता. हेच यंत्र निवडलं आणि आपण लोकांसाठी पुण्य केलं असं मानून झोपलो. जाताना 'सूचनांचा पत्ता बदला' असं एकदा सांगितलं. एकदाच, तोंडी, शाल-नारळाच्या गडबडीत. लिहून दिलं नाही. तेव्हा चौथ्या रकान्यात माझं नाव आधी घाल. पण एक ध्यानात ठेव. यंत्राची तुलना फक्त यंत्राशी केली, की माणसं सुटतात. या यंत्रानं त्याचं काम शेवटच्या क्षणापर्यंत केलं. ते ओरडत होतं आणि ऐकायला आपण कोणी ठेवला नव्हता. आता त्यालाच निकृष्ट म्हणायचं आणि त्याच्या जागी दुसरं ओरडणारं आणायचं, एवढ्यासाठी आपण इथं जमलोय."

"भाषण झालं असेल तर कामाकडे वळू," देवतळे म्हणाले. त्यांनी तक्ता प्रांजलीपुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही अभियंता आहात, कीर्तनकार नाही. तीन रकाने ठेवा, सही करा. तुमच्या कंत्राटाचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. दोन्ही आजच मार्गी लावू."

प्रांजलीने तक्ता पुढ्यात घेतला. आपला हात इतके दिवस कुठे अडत होता, ते तिला आता स्पष्ट दिसले. तिने पहिली ओळ खोडली. तिच्या जागी तारखांसकट लिहिले की यंत्राने एकेचाळीस दिवस सूचना दिली आणि ती घेणारा कोणी नेमलेला नव्हता. वामनरावांचे नाव घातले. जागा न भरण्याचा शेरा कोणाचा, तेही घातले. मग चाळीस ओळींखाली एकेचाळिसावी आखली, 'याच्याकडे कोण बघणार?' आणि त्या ओळीपुढचे चारही रकाने कोरे ठेवले. खाली सही केली.

"हा चौथा रकाना आपल्या नमुन्यात नाही," देवतळे म्हणाले.

"हो साहेब," ती म्हणाली. "म्हणूनच तर लिहावा लागला."

पुढचे कोणीही सांगू शकेल. आठ दिवसांत तीन रकान्यांचा नवा तक्ता झाला, त्यावर दुसऱ्या एका कंत्राटी माणसाने सही केली आणि चौऱ्याऐंशी गुणांचे यंत्र वाजतगाजत आले. उद्घाटनाला फीत होती, पेढे होते. वामनरावांची जागा आजही रिकामी आहे. प्रांजलीचे कंत्राट वाढले नाही.

महिना संपल्यावर ती आपल्या तक्त्याची प्रत घेऊन सुमन वाघाडे यांच्या घरी गेली. दादारावांच्या त्या पत्नी. यंत्र खराब निघाले, कोणाचा इलाज चालला नाही, असे रुग्णालयाने त्यांना सांगितले होते आणि नशिबाला बोल लावून त्या गप्प बसल्या होत्या. प्रांजलीने सगळा कागद वाचून दाखवला.

"म्हणजे ते मशीन सांगत होतं?" शेवटी सुमनताईंनी विचारले.

"हो."

"एकेचाळीस दिवस?"

"हो, ताई."

"आमचे हे डेपोत होते," सुमनताई म्हणाल्या. "गाडी नुसती कुरकुरली, तर ताटावरून उठून जायचे. मी चिडायचे. म्हणायचे, जेवून तरी जा, लोखंडच आहे ते. तर म्हणायचे, लोखंड आहे गं, पण आत माणसं बसतात."

मग त्यांनी हात पुढे केला. "तो कागद मला ठेवून घेता येईल का, बाई?"

प्रांजलीने तो दिला. आपण सही कोणासाठी केली होती, हे तिला त्या दारात उमगले.