पाठमोरी पोथी

एका राज्यात पोथ्या मुखोद्गत असतील त्यालाच राजा अधिकारी नेमी. म्हणून प्रत्येक आई स्वहस्ते वेत कापून त्यांची मोळी गुरूला देई आणि सांगे, "चुकला तर मारा." अहो, मायेनंच देत बिचाऱ्या!

टेकडीवरचा गुरू पेकसान मायावी होता. शिष्यानं त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि तीन पोथ्या म्हणायच्या. वळून पाहणं, उलट विचारणं म्हणजे घोर पाप. दोन पोथ्या पार पडत. तिसरीला तो "चुकलास" म्हणे, खांद्याला वेत लावी आणि मुलाचा पक्षी होई. चुकलाच असेल, असं म्हणत घरचे मान खाली घालून परतत. गुरूच्या अंगणातलं पाइनचं झाड पक्ष्यांनी काळं झालं होतं.

दोयुनचंही तेच झालं. त्याची बहीण सोरान झाडाखाली ऊर फुटेस्तोवर रडली. तेव्हा वरून एक पक्षी बोलला, "ताई, मी चुकलो नव्हतो गं."

मुलींना शिकायला बंदी होती. पण दोयुन घरी घोकत असे, तेव्हा सूत कातता कातता तिन्ही पोथ्या सोरानलाही पाठ झाल्या होत्या. भावाचे कपडे घालून ती गुरूपुढे पाठमोरी बसली.

पहिली म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीही अखेरच्या ओळीपर्यंत म्हटली.

"चुकलास."

सोरान गर्रकन वळली आणि तिनं वेत हवेतच धरला.

"मग बरोबर काय, गुरुजी? आपण म्हणा."

"गुरूला उलट विचारतोस?"

"विचारते."

"म्हणा! म्हणा!" पक्ष्यांनी झाड डोक्यावर घेतलं. पेकसान म्हणू लागला. कोणी आपल्यापुढे जाऊ नये, एवढंच त्यानं जन्मभर पाहिलं. पोथी कधीच विसरला होता. तो अडखळला. सोराननं वेत त्याच्या खांद्याला लावला, आणि एक म्हातारा पक्षी फडफडत कोपऱ्यात गेला.

शाप सुटला. मुलं झाडावरून उतरली. दोयुन ताईला बिलगला. आया धावत आल्या, जिनं तिनं आपलं माणूस घरी नेलं. एक म्हातारी मात्र विचारत राहिली, "माझा कुठंय?" हिवाळ्यात काही पक्षी गारठून मेले होते. तिला सांगायला कोणाची जीभ रेटेना.

राजानं नवा गुरू धाडला. मुलं आता त्याच्याकडे तोंड करून बसतात. वेतांची मोळी कोणी आणत नाही. म्हातारी अजून झाडाखाली असते. एखादा पक्षी फांदीवर बसला, की उठते आणि हळूच विचारते, "तू का रे?"